कुत्र्यांचे इस्पितळ आणि माणसांचा कैवार

"माणसांना खाटा मिळत नाहीत आणि यांना कुत्र्यामांजरांसाठी विद्यापीठाचे इस्पितळ हवे!" ठाणे-कल्याणच्या टापूत पशुवैद्यकीय शिक्षण-रुग्णालयाचा विषय कुठेही निघाला की हे वाक्य ठरल्यासारखे येते. ते उच्चारणारा गृहस्थ स्वतःला गरिबांचा कैवारी समजतो आणि ऐकणारा ओशाळून गप्प बसतो. चर्चा तिथेच संपते. ती संपावी हाच त्या वाक्याचा उपयोग आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे, आणि तो किती खरा आहे हे ठाणेकरांना कोणी शिकवायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. ते रुग्णालय महापालिकेचे, आणि राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले. तेव्हा किती कैवारी पालिकेच्या अंदाजपत्रकातल्या आरोग्याच्या तरतुदीवर बोलायला उभे राहिले? माणसांच्या खाटांची आठवण त्यांना नेमकी तेव्हाच होते, जेव्हा दुसरा कोणी दुसरी एखादी सार्वजनिक सोय मागतो. ग्रंथालय मागितले की शाळा आठवते, शाळा मागितली की रस्ता आठवतो, आणि रस्ता मागितला की तिजोरीतला खडखडाट आठवतो. एका अभावाला दुसऱ्या अभावाविरुद्ध साक्षीला उभे करायचे आणि दोन्ही अभाव कायम ठेवायचे, अशी ही रीत आहे.

आता माजिवड्याकडे पाहावे. पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिकचा रस्ता आणि घोडबंदर रस्ता जिथे मिळतात तिथले हे मूळचे गाव. पलीकडे कोलशेत-पोखरणच्या पट्ट्यात एकेकाळी भोंगे वाजत. त्यातले बरेचसे कारखाने गेले, जमिनी राहिल्या, आणि जमिनींवर तीस-चाळीस मजल्यांचे मनोरे चढले. डोक्यावरून उड्डाणपूल, त्याच्या बाजूने मेट्रोचे खांब, खाली जुन्या गावठाणाची अरुंद आळी. वरच्या मजल्यांवर लॅब्राडोर आणि फारशी मांजरे वातानुकूलित खोल्यांत राहतात. (ठाण्याच्या दमट उकाड्यात बर्फातल्या जातीचे हस्की कुत्रे पाळण्याची हौस ज्यांना होते, त्यांच्या भूतदयेविषयी वेगळा लेख लिहावा लागेल.) पण या भागातली बहुसंख्य कुत्री वरच्या मजल्यावर राहत नाहीत. ती फाटकाशी, रखवालदाराच्या खुर्चीखाली, बांधकामावरच्या पत्र्याच्या वसाहतीत, मटणाच्या दुकानापुढे आणि कचराकुंडीजवळ राहतात. आगऱ्यांच्या अंगणात त्यांना नाव असते, रखवालदाराबरोबर त्यांची रात्रपाळी असते. बारा तासांच्या पाळीवर एकट्याने बसलेला माणूस आपल्या डब्यातली अर्धी पोळी ज्याला घालतो, ते कुत्रे त्याचे सोबतीही असते आणि मदतनीसही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात त्या मदतीची नोंद नाही.

ते कुत्रे आजारी पडले म्हणजे काय होते? मनोऱ्यातल्या लॅब्राडोरला खाजगी दवाखाना आहे. तिथे क्ष-किरण, रक्ततपासणी आणि सलाइन यांचे दर मालकाच्या मजल्याकडे पाहून ठरत असावेत, अशी शंका अनेकांना येते. फाटकावरच्या कुत्र्याला प्राणिप्रेमी मंडळी आहेत. ती वर्गणी काढतात, धावपळ करतात आणि त्यांच्या शक्तीप्रमाणे करतात. याहून अधिक काही हवे असेल तर परळ गाठायचे. आता कुत्रे घेऊन परळला जायचे कसे? लोकलच्या गर्दीत आजारी जनावर घेऊन चढण्याचा विचारही करवत नाही, आणि रिक्षाला शीवच्या पुढे मज्जाव आहे. उरते भाड्याची मोटार. म्हणजे रखवालदाराने जाण्यायेण्यातच दिवसाची मजुरी घालवायची. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांवर माणसे होती. त्या तीस लाखांत आज किती भर पडली असेल ते इमारतींकडे पाहूनच समजावे. एवढ्या वस्तीच्या कुत्र्यामांजरांना शिकवत्या हातांचे सार्वजनिक रुग्णालय म्हणून दाखवायला परळच आहे, आणि ते एकोणिसाव्या शतकातले आहे.

त्या परळचा इतिहास थोडा उलगडून पाहण्याजोगा आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत दंगल झाली ती कुत्र्यांवरून. मोकाट कुत्री मारणाऱ्याला सरकारने नगावर बक्षीस लावले, शिपाई घराघरांच्या दारातली कुत्री उचलू लागले, आणि त्याविरुद्ध पारशी आणि इतर समाजांचे लोक रस्त्यावर आले, बाजार बंद पडला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाईंसारख्यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी मंडळी स्थापन झाली, दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी सकरबाईंच्या नावाने परळला जनावरांचे रुग्णालय दिले, आणि १८८६ मध्ये त्याच्याच शेजारी सरकारने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय उघडले. रुग्णालय धर्मादायाचे आणि शिक्षण सरकारचे, अशी ती जोडी जमली.

ही जोडी केवळ भूतदयेतून जमली असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्या काळी मुंबईच्या ट्राम घोडे ओढत, लष्कराचे घोडदळ होते, मालाची वाहतूक बैलांवर चाले. ज्या जनावरात भांडवल गुंतले त्याला वैद्य मिळाला. ट्रामचा घोडा गेला, मग दुधाची म्हैस आली. १९४९ मध्ये आरे वसाहत झाली आणि विद्येचे लक्ष दुधाकडे वळले. त्यात गैर काही नव्हते, शेतकऱ्याचे हित त्यात होतेच. पण कुत्रे या हिशेबात कधीच बसले नाही, कारण ते विकत नाही, दूध देत नाही, गाडा ओढत नाही. जे बाजारात किंमत मिळवत नाही ते मोलाचे नाही, असा हा हिशेब आहे. आज माणसांचा कैवार घेऊन बोलणारे नकळत तोच हिशेब मांडत असतात.

मुद्दा कुत्र्याचा आहे तितकाच शिक्षणाचाही आहे. शिक्षण-रुग्णालय म्हणजे स्वस्त दवाखाना नव्हे. त्यात उपचार आणि शिक्षण ही दोन फळे एकाच कृतीतून निघतात. अर्थशास्त्रात याला संयुक्त उत्पादन म्हणतात. उसापासून साखर निघते तेव्हा मळीही निघते, आणि सगळा खर्च साखरेच्या नावावर टाकून 'साखर महाग पडते' म्हणणाऱ्या कारखानदाराला कोणी शहाणा म्हणणार नाही. परळलाच, हाकेच्या अंतरावर, सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून हेच करीत आले आहेत. तिथे गिरणगावातला कामगार निजला आणि त्याच्या खाटेभोवती विद्यार्थी उभे राहिले. त्याला मुंबईतल्या नामांकित शल्यविशारदाचा हात मिळाला, विद्यार्थ्यांना विद्या मिळाली. तो व्यवहार दयेचा नव्हता, बरोबरीचा होता.

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे. या वर्षात मुलामुलींच्या हाताखालून किती रुग्ण जातात यावर त्यांची पुढची चाळीस वर्षे ठरतात. पार्व्होने जुलाब-उलट्या होऊन सुकलेले पिल्लू, गोचीड तापाने पांढरे पडलेले कुत्रे, लघवी तुंबलेला बोका, मोटारीखाली मोडलेला पाय हे पुस्तकातून शिकता येत नाही. असे रुग्ण माजिवड्यापासून कल्याणपर्यंत गल्लोगल्ली उपचाराविना मरत असतात आणि शिकाऊ डॉक्टर पंचवीस-तीस किलोमीटरांवर असतात. रुग्ण एकीकडे, विद्यार्थी दुसरीकडे आणि मधे सरकार स्वस्थ!

ज्यांना भूतदया नको वाटते त्यांनी निदान रेबीजचा विचार करावा. लक्षणे एकदा दिसू लागली की या रोगातून माणूस वाचत नाही असेच धरून चालावे लागते. भारतात दरवर्षी सुमारे वीस हजार माणसे त्याने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत मुलांचा वाटा फार मोठा आहे. मनोऱ्यातल्या मुलाला शाळेची बस फाटकातून उचलते. चावा बसतो तो पत्र्याच्या वसाहतीतल्या पोराला, पहाटे निघालेल्या झाडूवालीला, रात्री परतणाऱ्या हॉटेलच्या पोऱ्याला. कुत्र्यांचे आरोग्य हा श्रीमंतांचा प्रश्न असल्याचे जे सांगतात, त्यांनी सरकारी रुग्णालयात श्वानदंशाच्या लसीसाठी लागणाऱ्या रांगेत अर्धा तास उभे राहावे.

यावरचा उपाय गूढ नाही. एखाद्या भागातल्या दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले. तिथे घरोघर आणि गल्लोगल्ली कुत्र्यांचे लसीकरण झाले. २०१८ पासून पुढच्या वर्षांत माणूस रेबीजने दगावल्याची नोंद होईनाशी झाली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झाले. आपल्याकडे मात्र निर्बीजीकरण आणि लसीकरणाची जबाबदारी २००१ च्या व नंतर २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली, आणि स्थानिक संस्थांनी ती बहुधा निविदेवर टाकली. दर कुत्र्यामागे ठरावीक रक्कम. नगावर मजुरी लावली की नग वाढतात, काम सुधारत नाही, हे विडी कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. टाका नीट भरला का, जनावर चार दिवस देखरेखीखाली राहिले का, त्याला जिथून उचलले तिथेच परत सोडले का, हे विचारणारा त्रयस्थ जाणकार त्या व्यवस्थेत क्वचितच असतो. आणि योगायोग पाहा: निर्बीजीकरण हीच ती शस्त्रक्रिया आहे, जी प्रत्येक पशुवैद्यकाच्या हातात मुरली पाहिजे. शहराला शस्त्रक्रिया हव्यात, विद्यार्थ्याला सराव हवा, अध्यापकाच्या देखरेखीत दोन्ही होऊ शकते. हे जुळवण्याऐवजी एकीकडे कंत्राट आणि दुसरीकडे रिकामे हात!

शिवाय शवविच्छेदनगृह. मेलेले कुत्रे पिसाळलेले होते की नाही हे त्याच्या मेंदूच्या तपासणीवाचून खात्रीने सांगता येत नाही. खाजगी दवाखान्याला ही उठाठेव परवडत नाही आणि तशी अपेक्षाही धरता येत नाही. कापूरबावडीच्या पुलाखाली लाळ गाळत मेलेले जनावर कचऱ्याच्या गाडीतून जाते, आणि कोणत्या गल्लीत रोग फिरतो आहे हे कळण्याची एकुलती एक संधीही त्याच गाडीतून जाते. पावसाळ्यात तुंबणाऱ्या वस्त्यांत लेप्टोस्पायरोसिसचीही हीच कथा. २००५ च्या महापुरानंतर त्याचा कहर मुंबईने पाहिला आहे. 'एक आरोग्य' या नावाने माणूस, जनावर आणि परिसर यांचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात बसली. कोनशिलेला विरोध असण्याचे कारण नाही. पण रोग माजिवड्याच्या गल्लीत असतो.

नवा आक्षेप असा येईल की, टाटा न्यासाने २०२४ मध्ये महालक्ष्मीला १६५ कोटी रुपये खर्चून दोनशे खाटांचे अद्ययावत लहान प्राण्यांचे रुग्णालय उघडले आहेच. मग सरकारने कशाला हात घालावा? ते रुग्णालय उभे राहिले ही चांगलीच गोष्ट. परंतु पेटिटांच्या देणगीला एकशे चाळीस वर्षे होऊन गेल्यावरही राज्याने जनावरांच्या बाबतीत धनिकांच्या दातृत्वाकडे डोळे लावून बसावे, याला काय म्हणायचे? दाता आपल्या मर्जीने देतो, मर्जीच्या जागी देतो. आणि महालक्ष्मी ठाण्याहून परळपेक्षा जवळ नाही.

लॅब्राडोरवाल्याचे पैसे करदात्याने का भरावेत, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ आहे: भरू नयेत. ऐपतवान मालकाकडून पुरेपूर शुल्क घ्यावे, रखवालदाराकडून नाममात्र घ्यावे, बेवारशाचे घेऊ नये. या तिरक्या भरणीला प्राणिप्रेमी मंडळींतल्या ज्यांचा विरोध असेल, त्यांचे प्रेम त्यांच्या फाटकापाशी संपते असे समजावे. तबेलेवाल्यांचा आणि शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांचा हक्क यात मारला जाता कामा नये हेही खरे. गाई-म्हशींच्या डॉक्टरांच्या जागा रिकाम्या ठेवून हे उभारायचे नाही. तो भरतीचा प्रश्न आहे आणि तो स्वतंत्रपणे, तितक्याच जोराने मांडला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आधी दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यांत नेण्यास सांगितले, अकरा दिवसांत तो आदेश बदलला, आणि नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानकांच्या आवारांतून ती हटवण्यास सांगितले. न्यायालय आदेश देऊ शकते, डॉक्टर निर्माण करू शकत नाही. हटवलेल्या कुत्र्याला लस टोचणार कोण, त्याची शस्त्रक्रिया करणार कोण, निवाऱ्यात साथ पसरली तर पाहणार कोण?

मुंबईचे महाविद्यालय पूर्वी दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली होते. २००० पासून ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे. तेव्हा ठाण्याच्या कुत्र्यांचा निर्णय नागपुरात व्हायचा आहे आणि जमीन ठाण्यात द्यायची आहे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे ठाणे महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, प्रशासकाला प्रश्न विचारायची सोय नव्हती. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ती सबब उरलेली नाही. माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या हद्दीत सार्वजनिक उपयोगासाठी राखलेले कोणते भूखंड आज मोकळे आहेत, कोणते विकासकाच्या ताब्यात गेले आणि कोणत्या अटींवर, याची यादी नव्या नगरसेवकांनी पहिल्या सभांतच मागावी. त्या यादीतला एक भूखंड विद्यापीठाच्या नावे, नाममात्र भाड्याने, आणि कळव्याच्या रुग्णालयाच्या तरतुदीतला एक पैसाही न वळवता देण्याचा ठराव कोणी मांडला, तर माणसांचा कैवार घेणारे त्या दिवशी कोणत्या बाजूला हात वर करतात ते दिसेल.