विश्लेषण : सीटी स्कॅनवेळी स्तनांवर ठेवली जाणारी ‘ढाल’ मागे का पडली?

छातीच्या सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा पाहायचे असते फुप्फुस किंवा हृदय. पण वाटेत येणाऱ्या स्तनांनाही क्ष-किरणांची मात्रा मिळते. तरुण वयात स्तनांतील ऊती किरणोत्साराला अधिक संवेदनशील असतात. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २००७ मध्ये स्तनांचा जोखीम-भारांक ०.०५ वरून ०.१२ केला, म्हणजे दुपटीहून अधिक.

ढाल म्हणजे काय?
बिस्मथ या धातूचा पातळ थर असलेले आवरण छातीवर ठेवले जाते. ते समोरून येणाऱ्या किरणांचा काही भाग अडवते आणि स्तनांवरील मात्रा कमी होते.

मग अडचण कुठे?
सीटीची क्ष-किरण नळी रुग्णाभोवती फिरते. ती पाठीमागे असताना किरण शरीरातून जाऊन समोर बाहेर पडतात. ढाल तेही अडवते. म्हणजे रुग्णाला मात्रा मिळते, पण प्रतिमेला उपयोग होत नाही. शिवाय प्रतिमेत रेघा उमटू शकतात. ढाल चुकीच्या वेळी ठेवली, तर यंत्र शरीर जाड समजून विद्युतप्रवाह वाढवूही शकते.

पर्याय काय?
वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या ‘एएपीएम’ या अमेरिकी संघटनेने २०१२ मध्येच ढालीऐवजी इतर उपायांचा विचार करावा, असे सुचवले. अनेक नव्या यंत्रांत नळी छातीसमोर आली की विद्युतप्रवाह आपोआप कमी होतो. रुग्णाच्या आकारमानानुसार व्होल्टेज घटवणे, गरजेपुरताच भाग स्कॅन करणे आणि रुग्णाला यंत्राच्या बरोबर मध्यावर झोपवणे यानेही फरक पडतो. हे सारे तंत्रज्ञाच्या हाती असते.

रुग्णाने काय विचारावे?
‘ढाल लावणार का?’ यापेक्षा ‘सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का?’ हा प्रश्न अधिक मोलाचा. या दोन्ही तपासण्यांत क्ष-किरण नसतात. जुने स्कॅन सोबत न्यावेत. त्यामुळे तीच तपासणी पुन्हा करणे कधी कधी टळते. गर्भधारणेची शक्यता असल्यास आधीच सांगावे. भारतात सीटी केंद्राला मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना बंधनकारक आहे. तोही विचारता येतो.

मात्र फुप्फुसातील रक्ताची गाठ शोधण्यासारख्या तातडीच्या वेळी भीतीपोटी स्कॅन टाळणे अधिक धोक्याचे. एका स्कॅनची जोखीम अल्प असते. टाळायचा आहे तो विनाकारण केलेला स्कॅन.