उंदराला दिसलं, म्हणजे माझ्या मुलाला दिसेल का?

"डॉक्टर, आंधळ्या उंदरांना जीन थेरपीने दिसायला लागलं म्हणे. आमच्या मुलाला कधी मिळेल?" मोबाइलवरची बातमी पुढे करत एका आईने विचारलं. मुलाला जन्मापासूनच कमी दिसतं. "अहो, ते उंदरांवरचं आहे" असं म्हणून तिला वाटेला लावणं मला पटत नाही.

उंदराच्या डोळ्याची एक मोठी अडचण आहे. आपण ज्याने वाचतो, चेहरे ओळखतो, तो दृष्टिपटलाचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, उंदराला नसतोच. म्हणून पुढची पायरी मोठ्या प्राण्याची. ब्रिआर्ड जातीच्या काही कुत्र्यांमध्ये 'आरपीई६५' हा जीन निसर्गतःच बिघडलेला असतो. त्याच बिघाडामुळे काही मुलांची दृष्टी लहानपणापासून अधू असते. अमेरिकेत लान्सलॉट नावाच्या अशाच पिल्लाच्या एका डोळ्यात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर बसवून, चांगला जीन सोडला. अशा तीन कुत्र्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार झालेल्या डोळ्याच्या बाजूच्या वस्तू ते चुकवत, दुसऱ्या बाजूच्या वस्तूंना धडकत! २०१७ मध्ये त्याच जीनवरचं 'लक्सटर्ना' हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. दोन्ही डोळ्यांची सुरुवातीची किंमत साडेआठ लाख डॉलर होती.

कुत्र्यांवर प्रयोग म्हटलं की मलाही कसंसंच होतं. तरी इथे ते आवश्यक होते, असंच माझं मत आहे. फक्त त्यांचे निकाल नीट वाचायला हवेत. २०१३ मध्ये एका अभ्यासात दिसलं, की उपचारानंतर रुग्णांची दृष्टी सुधारली, पण दृष्टिपटलातल्या पेशी मरायच्या थांबल्या नाहीत. कुत्र्यांमध्ये तर त्या टिकल्या होत्या! मग फरक कुठे पडला? ज्या कुत्र्यांवर पेशी मरायला लागण्याआधी उपचार झाले, त्यांच्या टिकल्या. उशिरा केलेल्यांमध्ये माणसांसारखंच झालं. माणसं तर बहुधा उशिराच येतात.

त्यामुळे "प्राण्यावर यशस्वी" असं वाचलं की मी आधी तीन गोष्टी बघतो: प्राणी कोणता, बिघडलेला जीन कोणता आणि उपचार आजाराच्या कोणत्या टप्प्यावर केला. शेवटची गोष्ट बातमीत सहसा नसतेच.

त्या आईला मी दोन तपासण्या लिहून दिल्या. मुलाचा नेमका कोणता जीन बिघडलाय यासाठी जनुकीय चाचणी, आणि दृष्टिपटलात जिवंत पेशी किती उरल्यात ते पाहण्यासाठी ओसीटी. बातमीतला जीन आणि मुलाचा जीन वेगळा निघाला, तर ते औषध त्याच्यासाठी नाही, हेही तिला तेव्हाच सांगितलं.