उपयोजित भौतिकशास्त्र दुय्यम नाही

भौतिकशास्त्र आणि उपयोजित भौतिकशास्त्र या पदव्यांचा पाया एकच असतो: यामिकी, विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी, उष्मागतिकी. त्यामुळे उपयोजित शाखा दुय्यम असल्याचे मत टिकत नाही. फरक पडतो तो पुढच्या वर्षांत. पहिल्या पदवीत सापेक्षता, कणभौतिकी आणि गणिती पद्धतींना अधिक वाव मिळतो. दुसरीत अर्धवाहक, प्रकाशिकी आणि उपकरणनिर्मितीला. बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये साकारलेल्या ट्रान्झिस्टरला १९५६चे नोबेल मिळाले, ते भौतिकशास्त्राचेच. २०१४ मध्ये हाच मान निळ्या एलईडीला लाभला. मुंबईच्या आयआयटीतील अभियांत्रिकी भौतिकी असो वा पुण्याच्या आयसरमधील बीएस-एमएस, संशोधनाची वाट दोन्हीकडून जाते. विद्यार्थ्यांनी पदवीच्या नावापेक्षा शेवटच्या वर्षांचे विषय आणि प्रयोगशाळा पाहूनच निवड करावी.