चांगदेवांचा बुद्ध्यांक किती?

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने गुपचूप सुधारून घ्याव्यात. इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण हा विषय तिकडे द्यायचा नाही असं ठरवलं होतं. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

आमच्या मुक्ताईनगरला आजी अजून एदलाबादच म्हणते. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला लहानपणापासून पाठ. चौदाशे वर्षांचे चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अडकले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागदच पाठवला. तो बघून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! पुढे तीच चिमुरडी त्यांची गुरू झाली.

आता गंमत बघा. बुद्ध्यांकाचं जुनं सूत्र होतं, मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. चांगदेवांचं मानसिक वय अगदी चौदा धरलं तरी उत्तर येतं एक! सूत्र चुकलं का? नाही. ते लहान मुलांसाठी होतं, आपण ते चांगदेवांना लावलं. आकडा बरोबर, माणूस चुकला.

हसलात ना? मीही हसले असते. पण मागच्या वर्षी हाच प्रकार आमच्या घरात झाला.

माझा चुलत भाऊ तेव्हा दहा वर्षांचा होता. वर्गात लक्ष नसतं म्हणून काका त्याला शहरात एका ठिकाणी टेस्टसाठी घेऊन गेले. तिथे विचारलं, लिफ्टमध्ये अडकलास तर काय करशील? हा गप्प. आमच्या गावात लिफ्ट आहेच कुठे? एका चित्राला तो ‘डोया’ म्हणाला, बाईंना ते कळलंच नाही. आमच्याकडे डोळ्याला डोया, शाळेला शाया आणि केळीला केयीच म्हणतात. तासाभराने हातात एक कागद आला. त्यावर एक आकडा आणि पुढे दोन शब्द : ‘सरासरीपेक्षा कमी’. घरी आल्यावर काकू रडली. काका म्हणाले, मग याला शिकवून काय उपयोग, लावू केळीच्या कामाला.

आणि हा मुलगा कसा? घडाकडे नुसतं बघून फण्या किती ते सांगतो. बागेतल्या घडांचा अंदाज करतो, बुऱ्हाणपूरचा भाव विचारून तोंडी हिशोब सांगतो. त्या कागदावर यातलं काहीच नव्हतं, कारण हे कोणी विचारलंच नव्हतं. मी असं म्हणत नाही की तो जीनियस आहे. कदाचित त्याला खरंच मदत लागत असेल. पण त्या आकड्यावरून ते कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. काकांनी मला विचारलं, “तू इंजिनिअरिंगला आहेस ना? सांग, या आकड्याचा अर्थ काय?” स्टॅटिस्टिक्सच्या युनिटमध्ये मला चांगले मार्क होते. मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन, सगळं पाठ. पण मला सांगता आलं नाही! आपल्याला सिग्मा काढायला शिकवतात. तो आकडा कोणाच्या आयुष्यात जाऊन बसतो, ते शिकवत नाहीत. व्हायवाला कोणी विचारत नाही आणि आपणही विचारत नाही.

मग लायब्ररीत शोधायला लागले. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसला पहिली चाचणी केली ती मुलांवर शिक्का मारायला नाही, तर शाळेत कोणाला जास्त मदत लागेल हे शोधायला. आपल्याकडे धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी ती नुसती भाषांतर करून वापरली नाही. तिकडच्या मुलांना बसेल अशी कानडी आणि मराठीत बेतली, हजारावर मुलांवर तपासली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये ठोकळे आणि चित्रं यांची चाचणी दिली, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्याचीही बुद्धी बघता यावी. नागपूरला आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये वेश्लरच्या चाचणीचं भारतीय रूप केलं. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली सुरू केली, तिथेही मराठीतून चाचण्या तयार झाल्या. म्हणजे ‘विचारायचं कोणाला आणि कोणत्या भाषेत’ हा प्रश्न आपल्या लोकांना कधीच पडला होता. आपल्या सिलॅबसला तो अजून पडायचा आहे!

“हे सायकॉलॉजीवाल्यांचं काम, आपला काय संबंध?” असं म्हणणाऱ्यांसाठी एक नाव सांगते. एल. एल. थर्स्टन. हा माणूस कॉर्नेलचा इंजिनिअर, काही काळ एडिसनच्या प्रयोगशाळेत होता. मग मानसशास्त्रात गेला आणि मन मोजण्याच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झाला. १९३५ मध्ये सायकोमेट्रिक सोसायटी निघाली, तिचा पहिला अध्यक्ष तोच. त्यात मानसशास्त्रवाले आणि गणितवाले एकत्र बसत. एकट्याने हे काम होत नाही.

खरं तर आमच्या गावातल्या शेतकऱ्यांना हे सगळं न शिकता कळतं. केळीचा हवामानावर आधारित विमा मंडळातल्या केंद्राच्या तापमानावर ठरतो. तेव्हा पारावरचा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? “ते यंत्र बसवलंय कुठं? माझ्या बागेतलं तापमान त्याला कसं कळणार?” पुस्तकात यालाच सप्रमाणता म्हणतात. जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, एवढाच त्याचा अर्थ. केळीसाठी आपण हा प्रश्न विचारतो, पोरासाठी मात्र कागद बघून गप्प बसतो.

म्हणून या सेमिस्टरला आम्ही पाच जणांनी शनिवारचा कट्टा सुरू केला. प्रॅक्टिकल संपल्यावर कँटीनमागे. आधी होस्टेलवर एक फॉर्म फिरवला : ‘तुम्हाला मानसिक ताण आहे का?’ बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलं आणि फॉर्मवर कार्टून काढून परत दिला. मग प्रश्न बदलला : ‘गेल्या आठवड्यात किती रात्री नीट झोप लागली नाही?’ आता मात्र लोक बोटांवर मोजायला लागले. एक जण तर रात्री अकराला रूमवर आला आणि बारापर्यंत बोलत बसला. माणसं तीच, होस्टेल तेच, फक्त प्रश्न बदलला. हे मला कुठल्याही जर्नलने शिकवलं नव्हतं.

माझी मागणी फार मोठी नाही. स्टॅटिस्टिक्सच्या युनिटला एक असाइनमेंट अशी द्या की डेटा पुस्तकातून उतरवायचा नाही, माणसांकडून आणायचा. प्रश्न आपण बनवायचे, मराठीत, गावच्या बोलीत. ते चुकतील, मग दुरुस्त करायचे. आणि शेवटी ज्याच्याकडून उत्तर घेतलं त्यालाच समजावून सांगायचं की या आकड्यातून काय कळतं आणि काय कळत नाही. ते त्याला समजलं तरच मार्क!

भाऊ आता पाचवीत आहे. पुढच्या वर्षी त्याला शाळेत ठेवायचं की नाही, हे अजून घरात ठरायचंय. दिवाळीच्या सुट्टीत मी काकांसमोर तो कागद घेऊन बसणार आहे. सरासरी म्हणजे काय, ती कोणाची काढली, त्यात आपला पोरगा होता का, हे सगळं त्यांना आपल्या भाषेत सांगायचंय. हा लेख म्हणजे त्याची प्रॅक्टिस समजा. म्हणून तो मराठीत!

शनिवारी साडेचारला, कँटीनमागे. ब्रँचची अट नाही. येताना फक्त एक प्रश्न घेऊन या.