बिल बँक भरेल, वाचायचे मात्र आपणच

रोशन गेट, शहागंज, किराडपुरा अशा छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत कितीतरी घरांत आज अम्मी-अब्बाच राहतात. मुलगा पुण्याला, नाहीतर दुबईला. विजेचे बिल मात्र दर महिन्याला येतेच. मुदत चुकली की विलंब आकार लागतो. थकबाकी राहिली, तर वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. म्हणून बँकेमार्फत बिल भरण्याची सोय या वेळी समजून घेऊ.

सुरुवात बिलापासून. त्यावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट वहीत लिहून ठेवा. मागील व चालू रीडिंग पाहा आणि चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा. मीटर वाचता आले नाही, तर सरासरी युनिटचे बिल येते. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी वाढतो, त्यामुळे चुकीच्या रीडिंगचा फटका मोठा असतो. तक्रारीसाठी महावितरणचा क्रमांक 1912 आहे.

आता बँक. बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये ‘बिल पेमेंट’ किंवा ‘भारत बिलपे’ असते. त्यात वीज, मग महावितरण निवडून ग्राहक क्रमांक टाका. ग्राहकाचे नाव आणि रक्कम समोर येते. नाव जुळले तरच पुढे जा. एका अंकाची चूक झाली, तर दुसऱ्याच्या घरचे बिल भरले जाते. पैसे आपल्याच खात्यातून द्यावेत असे बंधन नाही, पुण्यातला मुलगाही अम्मीचे बिल भरू शकतो.

दर महिन्याचे हे काम बँकेवर सोपवायचे असेल, तर ‘ऑटोपे’ सुरू करता येते. येथे तीन गोष्टी सांभाळाव्यात, असा आमचा सल्ला आहे. पहिली, कमाल मर्यादा ठरवा. नेहमीचे बिल 1,200 रुपये असेल, तर मर्यादा 2,000 पुरे. अचानक 9,000 चे बिल आले, तर ते गुपचूप भरले जाणार नाही. मात्र अशा महिन्यात बिल तपासून स्वतः भरायचे असते, हे विसरू नका. दुसरी, कार्ड किंवा यूपीआयच्या ऑटोपेमध्ये पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. ती पुसून टाकू नका, तेव्हाच व्यवहार थांबवता येतो. तिसरी, त्या तारखेला खात्यात शिल्लक ठेवा. नाहीतर बिल राहते, आणि कर्जाच्या हप्त्यासारख्या वसुलीत बँक वर दंडही लावते.

क्रेडिट कार्डाच्या बिलाबाबत अधिक सावध राहा. त्यावर ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’ अशा दोन रकमा असतात. ऑटोपे लावताना किमान देय निवडले, तर दंड टळतो, व्याज टळत नाही. समजा 20,000 च्या बिलापैकी 1,000 भरले आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. उरलेल्या 19,000 वर महिन्याला 665 रुपये चढतील, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाईल. ज्या घरात सूद नको म्हणून कर्ज टाळले जाते, तिथे तो असा मागच्या दाराने शिरतो. निवड नेहमी ‘एकूण देय’ची करा.

‘आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा संदेश आला, तर फोन करू नका. महावितरण वैयक्तिक मोबाइल क्रमांकावरून असे संदेश पाठवत नाही. पैसे गेलेच, तर ताबडतोब 1930 वर कळवा.

कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. तीच सवय घरखर्चालाही लावू या. महिन्यातून एकदा, जेवणानंतर, बिल आणि बँकेचा उतारा समोर ठेवा आणि रकमा जुळवा. अम्मी आणि मुलींनाही सोबत बसवा. खाते कुणाच्याही नावावर असो, हिशेब घरातल्या किमान दोघांना माहीत असायलाच हवा.