‘अ’ आणि ‘द’ यांचे कोडे

ओमानमधील शाळकरी मूल इंग्रजी बोलताना ‘ही इज टीचर’ असे म्हणून जाते, आणि पुढच्याच वाक्यात ‘द लाइफ इज ब्यूटिफुल’ असेही म्हणते. एका ठिकाणी हवा असलेला ‘अ’ गळाला, दुसऱ्या ठिकाणी नको असलेला ‘द’ आला. हे ऐकून हसणाऱ्यांनी त्या मुलाची मातृभाषा काय सांगते तेही पाहावे.

अरबीत ‘अल्’ आहे. परंतु ‘अ’सारखा स्वतंत्र शब्द नाही. शिवाय जीवन, प्रेम अशा सर्वसाधारण कल्पनांनाही अरबी ‘अल्’ लावते. वचनाचे तर विचारूच नये! एक ‘किताब’, दोन ‘किताबान’, तीन ते दहा ‘कुतुब’. मात्र अकरा ते नव्व्याण्णवपर्यंत संख्येमागून पुन्हा एकवचनच. तेव्हा ‘ट्वेंटी बुक’ हा अडाणीपणा नव्हे, तो चोख अरबी हिशेब आहे. ओमानात १९९८-९९ पासून नव्या शिक्षणयोजनेत इंग्रजी चौथीऐवजी पहिलीपासून सुरू झाले, तरी हा हिशेब काही पुसला जात नाही.

आणि आपले काय? मराठीत ‘अ’ही नाही आणि ‘द’ही नाही. ‘मुलगा आला’ म्हटले की कोणता, ते संदर्भाने कळते. घोड्याचे घोडे होतात, पण दगड एक असो वा दहा, दगडच राहतो. आणि वडील एकटे असले तरी आदराने ‘आले’! आपल्या मॉरिशसात तर आणखी गंमत आहे. फ्रेंचमधील ‘ला’ क्रिओलमध्ये नामाला असा चिकटला, की ‘लाकाज’ म्हणजे नुसते घर. ‘ते घर’ म्हणायचे तर मागे पुन्हा ‘ला’ जोडावा लागतो. अनेकवचनाला नामाआधी ‘बान’ लावले की काम भागते. फ्रेंचमध्ये ‘माहिती’ मोजता येते, म्हणून आपली मुले इंग्रजीतही ‘इन्फर्मेशन्स’ लिहितात.

इंग्रजी प्रत्येक नामाआधी दोन प्रश्न विचारते: ही वस्तू मोजता येते काय, आणि ती कोणती हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे काय? त्यातून ‘अ’ आणि ‘द’ हे उच्चारात इतके हलके, की कानाला जाणवतही नाहीत. आणि ते गळले तरी अर्थ बहुधा कळतोच. म्हणून ही चूक सर्वांत शेवटी सुटते.

शिक्षकांनी लाल रेघ ओढण्यापूर्वी हे दोन प्रश्न मुलांना शिकवावेत आणि त्यांच्या घरच्या भाषेशी तुलना करून दाखवावी. पालकांना आमची विनंती एवढीच, की इंग्रजी सुधारावे म्हणून घरातली मराठी बंद करू नका. एका ‘द’साठी आजीची भाषा गमावणे हा फार महागाचा सौदा ठरेल.