आईच्या बॅगेत आईचं काय?

वाघोलीच्या सोसायट्यांमधून लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आया आता आपल्या गटांतही भेटतात. त्यांची बॅग पाहावी. डिंकाचे लाडू, मेतकूट, झबली, दुपटी. आणि स्वतःचं? चार साड्या, एक स्वेटर. पुण्याच्या थंडीतला हा स्वेटर शिकागोच्या जानेवारीत काय पुरणार? तिथे पारा शून्याखाली जातो.

१८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेत गेल्या. नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. १८८६ मध्ये पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या निर्धाराचे गोडवे गाताना त्या थंडीची आठवण आपण फारशी काढत नाही. सोसणं हेच बाईपण, ही शिकवण इतकी मुरली आहे की स्वतःसाठी पायमोजे मागायचीही लाज वाटते.

मैत्रिणींनो, बाळंतपण करणं हे काम आहे, श्रम आहेत. तेव्हा जाण्याआधीच बोलून घ्यावं. थर्मल, लोकरीची टोपी, न घसरणारे बूट हवेत. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मुक्कामभर पुरतील इतक्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत असाव्यात. पाहुण्यांना तिथली सरकारी मेडिकेअर मिळत नाही, म्हणून विमा हवाच, आणि त्यात जुने आजार धरलेत का हे वाचून घ्यावं. स्वतःजवळ थोडे डॉलर असावेत, आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा.

आपल्या गटातली कुणी निघाली, तर तिच्याबरोबर बसून तिची बॅग भरू या. लाडवांच्या आधी तिचे कपडे.